वरच्या मजल्यावरचं मशीन

चाळीस वर्षं लोकांच्या मापांत रमलेल्या शिंपीमास्तरांनी दवाखान्यात एकच धोशा लावला, "मला घरी न्या." त्यांच्याच रक्तातून काढलेल्या मूळ पेशी जालीम औषधानंतर पुन्हा अंगात सोडल्या होत्या. आता नवं रक्त तयार होईपर्यंत जपायचं. ते काचेच्या खोलीत, नाहीतर घरी, रोज नर्स येईल या बोलीवर.

त्या खोलीत भिंतसुद्धा बोलत नसे. मास्तर डोळे मिटून घर ऐकत. बायकोची कुरकुर, नळाची धार, आणि शिलाई मशीनच्या पायडलची ती खडखड! अहाहा!

इकडे घरी मास्तरीणबाईंनी कंबर कसली. दवाखान्याच्या यादीत धूळ नको म्हटलेलं. त्यांनी पडदे उतरवले, कुंड्या हलवल्या आणि कापडाचे तंतू उडतात म्हणून मशीनही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पोचवलं.

मास्तर दारातच थबकले.

"अगं, हे घर कुणाचं?"

"तुमचंच. पुसून काढलंय."

"इतकं पुसलंस, की मीही पुसला गेलो."

तीन दिवस घशाखाली घास उतरेना. चौथ्या दिवशी नर्सनं वजन पाहिलं आणि हात कमरेवर ठेवले. "मास्तर, संध्याकाळपर्यंत वाटीभर तरी पोटात गेलं नाही, तर गाडी बोलावते. पुन्हा काचेची खोली."

ती गेली. बाईंनी उशाशी मऊ भाताची वाटी ठेवली आणि त्या जिना चढल्या.

थोड्या वेळानं छतातून आवाज आला. खड... खडखड... खड.

मास्तर उठून बसले. त्यांच्या मशीनला घरात कुणी बोट लावायचं नाही, असा नियम होता! त्यांनी फोन उचलला.

"कोण बसलंय माझ्या मशीनवर?"

"मी."

"पाय उलटा पडतोय. दोरा तुटेल."

"तुटू दे. खाताय का? नाहीतर थांबवते."

"थांबू नकोस गं," मास्तर घाईनं म्हणाले. "तू चालव. मी खातो."

एक चमचा. दुसरा. ज्या घरासाठी जीव तुटत होता, ते आता डोक्यावर, एका जिन्याच्या अंतरावर होतं, आणि त्यांना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची मनाई.

वाटी तळाला आली. दोरा केव्हाच तुटला होता, हे त्यांच्या कानांना कळलं होतं. सुई रिकामीच नाचत होती. पण वर खडखड चालूच होती, आणि मास्तरांनी फोन ठेवला नाही.