लॅबवाले काका आणि बंद झाकण

लॅबवाल्या काकांना झाकलेली वस्तू बघवत नसे. शिजणारा भात असो की मुरणारं लोणचं, झाकण दिसलं की हात गेलाच. काकू म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून ह्या घरात दही म्हणून लागलं न्हाई. लागायच्या आधी धा वेळा हलवून बघतेत." दही त्या शेजारून आणत.

मी लातुरात शिकवायला होतो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास काका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. नोकरी संपली, पण हात थांबेनात. "सर, बसून बसून गंजून राहिलो," असं ते मला जिन्यात उभ्यानंच सांगायचे. अशा माणसानं घरी बिअर करायचं मनावर घ्यावं, म्हणजे ज्या कामात पंधरा दिवस काहीच करायचं नसतं, नेमकं तेच!

गच्चीवर ज्वारीला मोड आणून, वाळवून, भरडून, गरम पाण्यात तिचा रस उतरवून पहिली खेप बादलीत आंबायला लागली. रसात साखर किती उरली हे बघायला त्यांच्याकडे काचेची तरंगती नळी होती. ती तरंगायला दर वेळी पेलाभर रस लागे आणि काका दिवसातून चारदा बघत. आठवड्यात बादली अर्ध्यावर आली, उरलेलं नासलं. दुष्काळाचं वर्ष, टँकर दहा दिवसांनी यायचा. काकूंनी निकाल दिला, "आता पाण्याचा एकच जार देते. हे पाणी वाया गेलं तर पुन्हा बिअरचं नाव काढायचं न्हाई."

काका दोन दिवस गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी मला घेऊन नांदेडला निघाले. कॉलेजला सामान पुरवणारा एक दुकानदार तिथे ओळखीचा होता. त्यानं तीन रिफ्रॅक्टोमीटर काढले. दोन थेंब काचेवर टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत साखरेचा आकडा दिसतो. काकांनी खिशातून औषधाची बाटली काढली. शंभरात दहा भाग साखर, घरून तोलून आणलेलं पाणी! पहिला दाट पाक मोजायचा निघाला, त्यात आकडाच दिसेना. दुसरा दुकानाच्या आत ठीक होता, पण दुकानाच्या दारात, रणरणत्या उन्हात धरला तर दहाचे आठ झाले. "हे उन्हात खोटं बोलून राहिलंय. आमच्याकडं तर ऊनच हाय," म्हणत त्यांनी तापमान सांभाळून घेणारा तिसरा घेतला. परतीच्या बसमध्ये तो त्यांनी सात वेळा डबीतून काढला. मी मोजत होतो.

काकूंच्या जारमधल्या पाण्यात नवी खेप बादलीत भरली, झाकण लागलं. दुसऱ्याच दिवशी काका डबी घेऊन माझ्या दारात उभे. चेहरा पार उतरलेला. "सर, थेंब दोनच लागतेत, पण झाकण तर पूर्णच उघडावं लागतंय. हे तुमच्यापाशी ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका."

मग काय, मागायला रोज येत. कधी काच पुसायची असे, कधी डबीचा खटका बघायचा असे. एकदा तर माझ्यावर चिडून निघून गेले आणि अर्ध्या तासात चहा घेऊन आले. मला त्यांची दया येई, तरी मी दिला नाही. पंधराव्या दिवशी आम्ही मिळून झाकण उघडलं. बिअर छान झाली होती. काकूंनी बोटावर घेऊन चाखली आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "दुसरा जार देईन." काका तेवढा वेळ खरंच खुर्चीत बसले होते.

दुसरा जार काही झाला नाही. पावसाआधीच काका हृदयाच्या झटक्यानं गेले. महिन्याभरानं मी ती डबी परत द्यायला खाली गेलो.

"राहू द्या," काकू म्हणाल्या, "त्यांनी तुमच्याकडंच ठेवाय दिली होती."

मग त्यांनी ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण काढलं. आत घट्ट, न मोडलेलं दही होतं.

"बघा सर, लागलं." त्यांनी झाकण पुन्हा ठेवलं. "तुम्हीच घेऊन जा. मला न्हाई खाववत."