काचेवरचं मीठ

टेकडी तशी नावालाच. धडधाकट माणूस दहा मिनिटांत वर पोचतो. माथ्यावर लोखंडी खांबावर एक दिवा आहे. अंधारात परतणाऱ्या होड्यांना खाडीचं तोंड त्यावरूनच कळतं. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या काचेवर मिठाचा थर बसतो. दर आठवड्याला तो पुसायचं काम बावीस वर्षं मावशींकडे होतं. मग न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला.

ऑपरेशनला तीन महिने झाले, तरी बंदराच्या कचेरीचं "माणूस पाठवतो" काही संपेना. एका सकाळी शेजारचा होडीवाला दारात येऊन म्हणाला, "मावशी, काल दिवा दिसलाच नाही. होडी खडकावर चढायची, थोडक्यात वाचलो."

मावशींनी फडकं आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली, काठी उचलली.

सून आडवी आली. "आई, डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलंय!"

"तिथे जिना कुठाय?"

पहिलं वळण काठीने निभावलं. दुसऱ्यावर घाम फुटला, खुब्यातून कळ निघाली. पुढे सगळी मुरमाची घसरण. काठी टिकेना, तेव्हा मावशी सरळ खाली बसल्या आणि पाठमोऱ्या, हातांवर जोर देत, वीतभर वीतभर वर सरकू लागल्या. खालून सुनेने ते पाहिलं आणि ती धावत आली.

"काय हे! लोक बघतायत."

"बघू देत. तू काखेत हात घाल."

तासाभराने दोघी वर पोचल्या. दिवा खांबाच्या सहा पायऱ्यांवर. मावशींनी पहिलीवर पाय ठेवला, जोर लावला. पाय उचलेना. पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते पुसायच्या आधी फडकं सुनेच्या हातात दिलं.

"चढ."

"मला उंचीची भीती वाटते, माहितीये ना तुम्हाला."

"खाली बघू नकोस. काचेकडे बघ. मी खांब धरते."

सून एकेक पायरी चाचपत चढली. मावशी खालून हुकूम सोडत होत्या, "आधी ओलं फडकं... कोरडं घासलंस तर ओरखडे पडतील. कोपरे राहिले, कोपरे!"

"आई, आता गप्प बसा, नाहीतर मी पडेन!" सून वरून ओरडली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा निघाल्या. घसरणीपाशी मावशी थांबल्या, सुनेचा खांदा घट्ट धरला आणि उभ्यानेच वर गेल्या.