मोहाखालच्या साड्या

साड्यांची कल्पना माझी होती. पेठकडच्या डोंगरात वनरक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा तिथे दर उन्हाळ्यात वणवा लागायचा आणि दर उन्हाळ्यात खातं गावावर आणि गाव खात्यावर खापर फोडायचं. बरेचदा त्यामागे मोह असायचा. पहाटेपासून मोहाची फुलं टपटप गळतात आणि खालच्या वाळक्या पाचोळ्यात हरवतात. म्हणून बायका झाडाखालचा पाचोळा आधीच पेटवून जमीन साफ करून ठेवत. ती आग कधी तिथेच विझे, कधी अख्खा डोंगर पोळून काढी. मग रानात जायलाच बंदी घाला, असा शेरा वरून यायचा. शेरा मारायला काय जातं! उन्हाळ्यात त्या घरांची चूल मोहावर चालत होती.

गावाची आणि खात्याची मिळून एक वन समिती होती. अध्यक्ष होत्या पाड्यावरच्या एक मावशी, साठीच्या, काटक आणि फटकळ. बैठकीत मी म्हटलं, पाचोळा जाळू नका, झाडाखाली कापड अंथरा, फुलं आपोआप त्यावर पडतील.

"कापड कोन देल? तुमचा सायेब?" मावशींनी विचारलं.

सगळे हसले. मला राग आला. त्याच रविवारी मी नाशिकला घरी गेले, द्वारका चौकाजवळच्या आमच्या कॉलनीतल्या विहारात वंदना झाल्यावर उभी राहिले आणि बायकांकडे जुन्या साड्या मागितल्या. गाठोडी एसटीच्या टपावर टाकून पेठला आणली. मोहाच्या उतारावर गुलाबी, पोपटी, जांभळ्या साड्या अंथरल्या गेल्या तेव्हा जंगलात कुणाचं तरी लग्न असल्यासारखं दिसत होतं. मावशी त्या साड्यांना फार जपायच्या. दुपारी त्या स्वतः जाऊन गोळा करायच्या, सुनेलाही हात लावू द्यायच्या नाहीत.

त्या वर्षी आमच्या रानात कुणी पाचोळा पेटवला नाही. आग आली ती खालच्या दरीतल्या रस्त्याकडून. कुणी विडी टाकली की कचरा जाळला, आजवर कळलेलं नाही.

भर दुपारी आम्ही डोंगराच्या वरच्या अंगाला जाळरेषेवर पोचलो, मी आणि समितीतले काही पुरुष. जाळरेषा म्हणजे गवत आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. आग तिथवर येऊन थांबावी, हा हेतू. आमच्या मागे पाडा होता, गवताने शाकारलेले गोठे आणि वैरणीच्या गंजी. पुढे मोहाचा उतार आणि त्याच्या खाली ज्वाळा. वारा आमच्याच तोंडावर होता. जळकी पानं पट्टा ओलांडून पलीकडे पडत होती आणि आम्ही हिरव्या डहाळ्यांनी ती झोडपत होतो. त्या वाऱ्यापुढे तेवढा पट्टा पुरणार नाही, हे दिसतच होतं.

अशा वेळी एकच उपाय उरतो. पट्ट्याच्या कडेने आपणच आग लावायची आणि ती खाली उतारावर सोडायची, म्हणजे वणवा वर येईपर्यंत त्याला खायला काही उरत नाही. मी माझ्या वरिष्ठांना, वनपालांना, फोन लावला. "लावा, वाट बघू नका," ते म्हणाले आणि रेंज गेली. खात्याचं माणूस तिथे मी एकटीच होते. काडेपेटी माझ्या हातात होती.

तेवढ्यात मावशींची सून धापा टाकत आली. "आत्याबाई साड्या काढाय गेल्यात. आल्या नाय."

मी खाली बघितलं. उतारावर धुराशिवाय काही दिसत नव्हतं. एक जण म्हणाला, म्हातारी शहाणी आहे, ओहोळाच्या अंगाने खाली उतरली असेल. दुसरा म्हणाला, "बाई, लावा. गोठ्यात ढोरं बांधेल हायत." तो चुकीचं बोलत नव्हता. पाडा जळाला असता तर त्याचंच घर आधी गेलं असतं.

मी सगळा जीव गोळा करून ओरडले, "मावशीऽऽ!"

काही नाही. नुसता तडतड आवाज.

पुन्हा ओरडले. पुन्हा काही नाही. सून तोंडात पदर कोंबून खाली बसली.

"नाय तिथं कोनी," तो माणूस म्हणाला. "आता लावाच."

मी काडी काढली. खरं तर त्या क्षणी माझीही खात्री झाली होती की उतारावर कुणी नाही. दोनदा ओरडून ओ आली नाही, म्हणजे नाही, एवढं कुणालाही कळतं. पण माझे हात पेटीपर्यंत जाईनात. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. तिथून पळून जावं, कॉलनीत आपल्या घरी जाऊन दार लावून घ्यावं, असं अगदी खरंच वाटलं. आणि ती काडी ओढायला लागू नये, आणखी थोडा वेळ मिळावा, एवढ्याचसाठी मी पुन्हा एकदा हाक मारली. आवाज चिरकला. लहान मुलीने मारावी तशी हाक निघाली.

"ओऽऽ!" धुरातून आवाज आला. अगदी जवळून.

त्या वर आल्या त्या डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊनच. डोळे लाल, पदर एका टोकाला जळालेला. त्यांना ओढून आम्ही पट्ट्यामागे घेतलं आणि मग त्या माणसानेच माझ्या हातातली काडेपेटी घेऊन कडेचं गवत पेटवलं. उतार आमच्या डोळ्यांदेखत गेला. मोह करपले. दोन्ही आगी मध्येच भिडल्या आणि पाडा वाचला.

मी मात्र खाली बसले होते. मावशी पाणी पीत होत्या. मी त्यांच्यावर खेकसले, "मी एवढी ओरडत होते, ऐकू आलं नाही का?"

"आलं की. तिन्ही येळा आलं."

"मग ओ का दिली नाही?"

"पयल्या हाकंला रानात ओ नाय देत, बाई. दुसरीलाबी नाय. रानची भुताटकी लय येळा हाक नाय मारत, दोनदाच मारती. तिसरी मानसाची." त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमाला कोनी सांगेल हाय हे? तुमी तर नाशिकच्या."

"कुणी नाही सांगितलं," मी म्हटलं. "मला काडी ओढायची भीती वाटली, म्हणून पुन्हा हाक मारली."

मावशींनी साड्यांचं गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "बरं झालं भ्यालात."