सत्यशीलेचं बोलकं जंगल

सत्यशीलेनं एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ती मागं हटायची नाही. म्हणून तर २००५ साली हिंगोलीतल्या कॉम्प्युटर क्लासचे माणिकराव सर थट्टेनं बोलले, ते तिनं खरं धरलं. "ते बोलक्या झाडांचं जंगल पार कर, शिकवणाऱ्या बाईंची रिकामी खुर्ची तुझी!"

ती तिथं झाडलोट करता करताच कॉम्प्युटर शिकलेली. नर्सीजवळच्या घरी बापानं, नामाजीनं, निक्षून सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत काय ते बघ. न्हाईतर मेंढरांमागं चल. आमी दोघं थकलो आता."

जंगल म्हणजे एक गेम. त्यातली झाडं बघत, बोलत आणि काही म्हणता काही विसरत नसत. खेळणाऱ्याच्या हातात पहिल्यापासून कुऱ्हाड. कॉलेजची पोरं आल्या आल्या बुंध्यावर घाव घालत. एका झाडाला लागलं की सगळ्या जंगलाला कळे आणि मुळं वर येऊन वाट बंद होई. सर स्वतः चार महिने तिथंच अडकलेले, पण ते बोलायचं नाही!

सत्यशीलेची नजर गेली ती वाटेकडेच्या मेंढरांवर. बरगड्या दिसत होत्या बिचाऱ्यांच्या. धनगराच्या लेकीला ते बघवेना. तिनं एक झाड पार बोडकं करून सगळा पाला त्यांच्यापुढं टाकला. मेंढरं उठून वाट दाखवायला निघाली, तोच मुळांनी वाट अडवली. अकरा वेळा हेच झालं. पोरं हसली. ती रडली, डोळे पुसले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन झाडाचं इंग्रजी लावत बसली. झाड विचारत होतं, "माझ्यासाठी काय ठेवलंस?"

रविवारी तिची आई, पंचफुलाबाई, लांब काठीच्या आकडीनं बाभळीचा पाला पाडत होती. वरच्या फांद्यांना मात्र तिनं हात लावला नाही.

"आई, शेंडा काहून सोडला?"

"येडी का खुळी? शेंडा राखला तर झाड पुढच्या साली पुन्हा देतंय. लहानपणापासून बघून राहिली अन् आता इचारती?"

सत्यशीलेला स्वतःचाच राग आला. हातात माऊस काय आला, आकडीच विसरली ती!

सोमवारी तिनं प्रत्येक झाडाचा थोडाथोडाच पाला घेतला, शेंडा सोडून. मेंढरं पोटभर खाऊन निघाली आणि त्यांच्यापुढून मुळं बाजूला सरकत गेली. सर हातातला चहा विसरून बघत राहिले. जंगल संपलं. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

दिवाळीच्या आधी नामाजी एसटीनं क्लासात आला. बापाला बघून सत्यशीला शिकवता शिकवता थांबली. जंगल कसं पार केलं ते तिनं दाखवलं. त्याला पडद्यावरचं फारसं उमगलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "शेंडा राखला व्हता?"

"व्हय, आबा."

ती त्याला बसायला आपली खुर्ची द्यायला उठू लागली, तसा त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"उठू नको. मेंढरांचं आमी बघतो."