ओहोटीची गाडी

पूर्व आफ्रिकेत घायपाताच्या मळ्यावर डॉक्टरची नोकरी मिळाली, तेव्हा पनवेलात माझं अभिनंदन कमी झालं आणि मला सल्लेच जास्त मिळाले. सगळे सल्ले मोटारसायकलबद्दल. मी जावं की न जावं याची कुणाला फिकीर नव्हती. गाडी बोटीत घालून न्यावी की इथे ठेवावी, यावर मात्र पोस्टाच्या पायरीपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत जो तो बोलत होता. मी मुळात तापट माणूस. तो सगळा पावसाळा मी लोकांच्या अंगावर खेकसत काढला.

गाडी महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली, बाजूला एका माणसापुरती साइडकार असलेली. तिचा आवाज एवढा दांडगा, की मी बाजाराच्या टोकाला आलो तरी दवाखान्यात कंपाउंडर स्टोव्ह पेटवून सुया उकळायला ठेवी. मळ्याची अट होती की डॉक्टरपाशी स्वतःचं वाहन हवं, कारण मजुरांच्या वस्त्या लांबलांब पसरलेल्या. वाहन नसेल तर मळ्यावर दुसरा डॉक्टर जाणार आणि मला तिकडच्या बंदरातल्या दवाखान्यात दुय्यम जागा मिळणार. माझ्या बायकोचं मत पक्कं होतं. गाडी न्यायची. तिकडे काय माझे वडील नवी गाडी घेऊन उभे आहेत, असं तिने मला दोनदा विचारलं. मेहुण्याचं उलट. डेकवर खारी हवा लागून गाडी सडली, की तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं तो जेवताना म्हणाला आणि वर भात मागून घेतला.

माझी अडचण निराळीच होती, आणि ती मी घरात बोलत नव्हतो.

उरणच्या बाजूला खाडीकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. तिथून अडलेल्या बाईला पनवेलला आणायचं तर होडीने, आणि होडी यायची तर भरती हवी. ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरतो. माझी प्रॅक्टिस नवी असताना तिथल्या नाखव्याची थोरली लेक अशीच होडीतून निघाली आणि पनवेलच्या बंदराच्या अगदी समोर होडी रुतून बसली. मी धक्क्यावर पिशवी घेऊन उभा. मला ती माणसं दिसत होती, त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. मी चिखलात उतरलो आणि कमरेपर्यंत गेलो. मला वर ओढून काढावं लागलं. पाणी चढलं तोवर पोरगी गेली होती.

त्यानंतर मी गाडी घेतली. मिठागराच्या बांधावरून ती जेमतेम जाई. पण भरती नसली तरी जाई, ही मोठी गोष्ट. त्या साइडकारमधून किती बायका आल्या आणि किती जणी पदराखाली पोर घेऊन परत गेल्या, ते त्या खाडीलाच ठाऊक. गावात तिला नावच पडलं होतं, ओहोटीची गाडी.

त्या गावातून कुणी येऊन गाडी ठेवा म्हणेल, याची मी वाट बघत होतो. उत्तरं तयार होती. मलाही संसार आहे, आयुष्यभर काय चिखलच तुडवायचा, वगैरे. पण कुणी आलंच नाही. त्याचाही मला राग आला. मग एक दिवस नाखवा आला, आणि त्याने एवढंच सुचवलं की गाडी ठाण्यावरून वळसा घालून मुंबईला न्यायची कशाला, माझ्या मचव्यातून थेट गोदीला नेतो. मात्र नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालणार नाही. मी कबूल झालो. गाडी त्याच्या मांडवात नेऊन ठेवली आणि कागदपत्रांसाठी मुंबईला गेलो.

परत आलो तो पौर्णिमा तोंडावर आली होती. किनाऱ्यावर होड्यांना तेल लावायचं काम चाललं होतं. मुशीच्या काळजाचं तेल. मुशी हा मोठा मासा, आणि त्या तेलाचा वास ज्याने घेतलाय त्याला मी काही सांगायला नको. लाकूड त्याने खाऱ्या पाण्यात टिकतं. मी मांडवात शिरलो, तर माझी गाडी होड्यांच्या रांगेत उभी, आणि ती वरपासून खालपर्यंत त्याच तेलाने माखलेली. टाकी, चाकं, इंजिन, टायर, दिव्याची काच. कातडी सीटने तर तेल पोटभर पिऊन घेतलं होतं. हँडलला झेंडूचा हार. नाखव्याची बायको साइडकारच्या आत बसून कोपरे चिंध्यांनी पुसत होती आणि तिचे हात कोपरापर्यंत चकाकत होते.

मी तोंड सोडलं. तेलाने रबर फुगतं, प्लग बाद होतो, ही काय होडी आहे का, कुणी सांगितलं होतं, असं बरंच. माझा दम संपल्यावर नाखव्याच्या बायकोने खालच्या आवाजात सांगितलं, की यंदा तेल कमी निघालं, म्हणून घरोघरच्या बायकांनी आपापल्या मडक्यातलं थोडं थोडं आणून दिलं. गाडी एवढ्या लांब दर्यात जाणार, तिला कमी पडायला नको. शेवटची होडी अजून कोरडीच उभी होती. ती त्यांची स्वतःची होती.

मी खाली बसलो. मग नाखव्याला मी सरळ विचारलं, की गाडी नेली तर इथल्या बायकांचं काय?

"आनू होरीन, पयल्यासारखं," तो म्हणाला. "भरती असली तं येव. सुकती असली तं थांबू."

होरी म्हणजे होडी, सुकती म्हणजे ओहोटी. ज्याची लेक ओहोटीत गेली, तो बाप हे म्हणत होता, आणि माझ्यावर उपकार करतोय असं त्याच्या तोंडावर कुठेही नव्हतं. मला हुंदका आला. डॉक्टर लोकांसमोर रडत नाही, असं मला शिकवलं होतं. त्या दिवशी ते राहिलं.

गाडी मी नेली नाही, दवाखान्यात राहू दिली. कंपाउंडरला ती चालवता येत होती. हाक आली की काढायची आणि दाईला घेऊन जायचं, एवढं ठरवलं. माझ्या जागी येणाऱ्या डॉक्टरांनाही सांगून ठेवलं. घरी आलो तर बायकोने माझ्या सदऱ्याचा वास घेतला आणि म्हणाली, "म्हणजे राहिली." मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण तिने पाणी तापवलं, मला न्हायला पिटाळलं, आणि बंदरातल्या दवाखान्याजवळ घर मिळेल का एवढंच विचारलं. त्या बाईचे मी आयुष्यात फारसे आभार मानले नाहीत. इथे मानतो.

बंदरातली जागा दुय्यमच होती. पगार बेताचा आणि वरचा साहेब माझ्याहून तापट. तरी दिवस चांगले गेले.

काही वर्षांनी पहिल्या मोठ्या रजेवर आलो ते दिवाळीनंतर. मुंबईहून लाँचने उरणच्या बाजूला उतरलो, तर धक्क्यावर ती उभी. कंपाउंडर हँडलवर, नाखवा शेजारी. आमच्या हवेत खिळासुद्धा वर्षभर टिकत नाही, पण गाडीवर गंजाचा ठिपका नव्हता. जवळ गेलो आणि तोच वास आला. दरसाल श्रावणात होड्यांबरोबर तिलाही तेल लावतात, कंपाउंडर सांगू लागला. सांगून थकलो, कुणी ऐकत नाही, साबणाने टायर धुता धुता माझे हात गेले.

मला हसू आलं. मी नाखव्याला म्हटलं, अहो, ती समुद्रात गेलीच नाही, मग तेल कशाला?

त्याने माझी पेटी उचलून साइडकारमध्ये ठेवली.

"होरीला तेल जावाला नाय लावत, डाक्तर. परत येवाला लावतात," तो म्हणाला. "गाडी व्हती हितंच. तुमी गेलेले ना."