बर्फवाल्याच्या फळ्यांना पाजलेलं तेल

साठच्या दशकात शारजाच्या बाहेर वाळूत आमच्या कंपनीचा कॅम्प होता. तिथे मी रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, एका सहा फुटी गोऱ्या माणसाला अंगावर झेलायचो. तो गुडघ्यांत वाकून बसायचा, हात मागे, हनुवटी पुढे. मी समोर दोन पावलांवर उभा. मग तो एकदम उसळायचा आणि मी त्याला कमरेशी पकडून डोक्यावर आडवा धरायचो. तो तसाच अंग ताणून हवेत पडून राहायचा आणि वरून विचारायचा, "सीधा है?" मी म्हणायचो, "थोडा टेढा है." की पुन्हा खाली, पुन्हा वाकणं, पुन्हा उडी. तीस-चाळीस वेळा. अख्खा कॅम्प बराकीच्या सावलीत बसून फिदीफिदी हसायचा. त्या हसण्याचा मला जो राग यायचा तो अजून पुरता गेलेला नाही.

कंपनी पाण्याच्या विहिरी खोदायची. मी तिथला सुतार. रत्नागिरीकडे खाडीकाठी आमच्या घराण्यात मचवे बांधायचं काम, पण मचव्यांवर पोट भरेना म्हणून मी इकडे आलो होतो. तो नॉर्वेचा, हुद्द्याने सर्व्हेअर. कॅम्पात राहून कामापुरती हिंदी शिकलेला. त्याच्या पाठीमागे सगळे त्याला बर्फवाला म्हणत. मी तोंडावर साहेब म्हणायचो आणि पाठीमागेही साहेबच म्हणायचो.

त्याचा खेळ समजायला मला सहा महिने लागले. त्यांच्याकडे बर्फावर पायांना लांब लाकडी फळ्या बांधून घसरतात. कुणी उतारावरून सुसाट येऊन हवेत उडी मारतो, तो एक खेळ. कुणी त्याच फळ्यांवर रानावनातून मैलोन्मैल पळतो, तो दुसरा. आणि याचा खेळ म्हणजे दोन्ही. आज उडी मारायची, उद्या पंधरा किलोमीटर पळायचं, दोन्हींचे गुण एकत्र धरून नंबर लावायचा. आमच्या भटारखान्यातला श्रीवर्धनकडचा चाचा हे ऐकून म्हणाला होता, "अरे मियां, हे तर दोन दगडांवर पाय झालं. उडी मारणाऱ्याला हलकं अंग हवं, पळणाऱ्याला दमसास हवा. एकात दोन कसे मावणार?" चाचा अडाणी होता, पण त्याने जे सांगितलं तेच साहेबाच्या आयुष्याचं दुखणं होतं.

चार वर्षांचा असताना बापाने त्याला फळ्यांवर उभं केलं. दहाव्या वर्षी गावच्या टेकडीवरून पहिली उडी. बाविसाव्या वर्षी देशाच्या संघात. दोन हिवाळे त्याने परदेशात गाजवले. उडीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण पळताना शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्ये त्याचे पाय भरून यायचे आणि उडीत कमावलेलं तिथे जायचं. मग एका उडीत पडला, गुडघा गेला. तो बरा होईपर्यंत पोरं पुढे निघून गेली. संघाने नाव काढलं. लग्न झालेलं, नोकरी नाही, म्हणून वाळवंटात आला. तीस वर्षांचा होता. येत्या जानेवारीच्या सुरुवातीला निवडीची एक शर्यत होती, आणि त्या खेळात एकतिसाव्या वर्षी कुणी कुणाला उभं करत नाही. ही शेवटची संधी आहे, हे त्याने मला शांतपणे सांगितलं होतं.

म्हणून तो वाळूत पळायचा. पहाटे फज्रच्या अजानीला मी उठायचो तेव्हा तो टेकाडांवरून परत येत असायचा, पाय पोटऱ्यांपर्यंत वाळूने माखलेले. "बालू में दौड़ेगा तो बर्फ में उड़ेगा," असं म्हणायचा. वर्षभरात त्याच्या मांड्या लाकडाच्या ओंडक्यासारख्या झाल्या. उडी त्याला येतच होती. या खेपेला तो पळणार होता.

आता मॅनेजर. तो इंग्रज होता, त्याला घाम फार यायचा आणि आनंद दुसऱ्याची रजा अडवण्यात व्हायचा. साहेबाला त्याने वर्षापूर्वी शब्द दिला होता, नाताळापासून सुट्टी. निघण्याला दोन आठवडे राहिले तेव्हा याने साहेबाला फुजैराला धाडलं. फुजैरा तेव्हा म्हणजे डोंगरापलीकडचं जग, रस्ता नाही, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गाडी घालायची. काम दहा दिवसांचं सांगितलं होतं. साहेब म्हणाला, मला जाण्याआधी सामान तयार करायचंय. मॅनेजर म्हणाला, इन्शाल्ला, वेळेत परत याल. गोऱ्या माणसाने इन्शाल्ला म्हटलं की समजावं, काम होणार नाही.

निघताना साहेब वर्कशॉपमध्ये आला. त्याच्या फळ्यांच्या दोन जोड्या मी छताच्या तुळईला टांगल्या होत्या, एक जाड, उडीची. एक अरुंद, हलकी, पळायची. उन्हाळ्यात एकदा त्याने त्या अरुंद फळ्या वाळूवर घसरून बघण्याचा खुळेपणा केला होता, त्यात तळाचं काळं लुकण, म्हणजे लेप, खरवडून लाकूड उघडं पडलं होतं. तो म्हणाला, "मैं आके ठीक करेगा. तुम नजर रखना." मी म्हटलं, "बेफिकीर राहा साहेब." बस, एवढंच बोलणं झालं.

दहा दिवसांचे वीस झाले. मी रोज त्या फळ्यांकडे बघायचो. पत्र्याच्या शेडखाली सगळा उन्हाळा काढलेलं लाकूड. टोकाशी केसाएवढ्या चिरा दिसायला लागल्या होत्या. आमच्या घरात एक शिस्त होती: लाकूड कामाविना पडलं असेल आणि धनी जवळ नसेल, तर त्याला तेल पाजायचं. त्याची परवानगी मागायची नाही. धन्याने येऊन बघावं तर लाकूड तुकतुकीत. मचवा किनाऱ्यावर ओढला की आम्ही हेच करायचो, तेही मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या काळजातलं तेल, कारण त्याइतकं आत शिरणारं दुसरं काही नाही. असल्या तेलाचे किती डबे मी पोरवयात फासले असतील त्याची गणती नाही.

मी शारजाच्या खाडीवर गेलो. तिथले ढाऊ, म्हणजे अरबी गलबतं, बांधणारेही तेच तेल वापरतात. डबा आणला. तीन दिवस, भर दुपारी फळ्या उन्हात तापवून फडक्याने तेल चोळलं. वरून, खालून, दोन्ही जोड्यांना. लाकूड गटागटा प्यायलं. चिरा बुजल्या. चाचा नाकाला धोतराएवढा रुमाल लावून म्हणाला, "मियां, बर्फात मासे धरायला चाललाय का तुझा साहेब?" मी त्याला हाकलून लावलं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि तेव्हाचा तो अभिमान आठवला की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

साहेब परत आला तो पुढे ढकललेल्या विमानाच्या दिवशी सकाळी. दाढी वाढलेली, डोळे धुळीने लाल. मी फळ्या आधीच गोणपाटात गुंडाळून लाकडी पेटीत भरून खिळे मारले होते. त्याने पेटीवर हात मारला, "शाबाश," म्हणाला. मला सांगायचं होतं, बघा तरी कसं काम केलंय. पण गाडी हॉर्न वाजवत होती. ड्रायव्हर ओरडत होता, यल्ला, यल्ला, चला. गेला.

तो फेब्रुवारीत परत आला. संघात निवड झाली नव्हती. कॅम्पातल्या सगळ्यांना त्याने एकच सांगितलं, "बर्फ खराब था." उडीत पहिला आला होता. पळताना बाविसावा. मॅनेजर मेसमध्ये मोठ्याने म्हणाला की वाळूत धावून कुणी बर्फावर जिंकत नसतं, हे मी आधीच ओळखलं होतं. सगळे हसले. मी तिथे टेबलाचा पाय दुरुस्त करत बसलो होतो. हातातला हातोडा मी कसा आवरला ते माझं मला माहीत. ज्याने माणसाला वीस दिवस डोंगरात अडकवलं, शर्यतीच्या आदल्या दिवशी घरी पोचेल अशा बेताने सोडलं, तोच वर तोंड करून बोलत होता. चोराच्या उलट्या बोंबा.

महिनाभर मी त्या रागावर जगलो. मग एके दिवशी साहेबाने पेटी उघडायला सांगितली. लाकूड बघून मी खूष झालो, एकही चीर नव्हती. मी म्हटलं, "देखा साहेब? मैंने तेल पिलाया था. मुशीचं. तीन दिवस."

त्याने फळी उलटी करून तळ दाखवला. "नीचे भी?"

"सब तरफ."

तो लाकडाच्या ढिगावर बसला. मग त्याने मला एकदाच, हळूहळू समजावून सांगितलं. पळायच्या फळ्यांच्या तळाला डांबर तापवून लाकडात जिरवतात, त्या डांबरावर मेण बसतं. मेणाचं काम असं की फळी पुढे घसरावी, पण चढावर मागे घसरू नये. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने डांबर लावलं. लाकूड तेलाने भरलेलं, डांबर आत शिरलंच नाही, वरवर चिकटलं. वास आला होता, पण त्याला वाटलं पेटीच्या जुन्या जहाजी लाकडाचा असेल. चौथ्या किलोमीटरला मेण सालासारखं निघालं. पुढे प्रत्येक चढावर एक पाऊल पुढे, अर्धं मागे. अकरा किलोमीटर. "पैर में बहुत ताकत था," तो म्हणाला. "पहली बार."

मी म्हटलं, मला मारा. खरंच म्हटलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बर्फ खराब था. समझा? बर्फ खराब था."

मला समजलं नाही. मला राग आला, त्याचासुद्धा. त्याने आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळा झालो असतो. हा बाबा शांत. ही आग माझ्या पोटात कुठे ठेवू? दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मला वाटलं, मी चुकलो ते खरं, पण मला विचारायला माणूस जागेवर होता कुठे? त्याला कुणी लांब पाठवलं? हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला, आणि तिसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या ऑफिसात घुसलो.

आयुष्यात मी कुठल्या साहेबावर इतका ओरडलो नव्हतो. तुम्ही वीस दिवस अडकवलं नसतं तर त्याने फळ्या स्वतः तयार केल्या असत्या, मी तेल लावलंच नसतं, तो आज संघात असता, त्याचं आयुष्य तुम्ही बुडवलंत. मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, शेवटी आमच्या रत्नागिरीच्या बोलीत. दारात टायपिस्ट, ड्रायव्हर, चाचा, सगळे गोळा झाले.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलला. "अच्छा," तो म्हणाला. "तो तुमने किया. वो तो बोलता था, बर्फ खराब था."

मी मॅनेजरच्या गळ्यात घालायला आणलेलं माझ्याच गळ्यात पडलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे साहेबाने महिनाभर झाकून ठेवलेलं मी दारातल्या सगळ्यांसमोर उघडं टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत कॅम्पभर झालं. बर्फवाल्याचा मच्छीवाला झाला. मेसमध्ये तो आला की कुणीतरी नाक धरायचं.

दुसऱ्या दिवशी साहेब वर्कशॉपमध्ये आला. मी त्याला पहिल्यांदाच रागावलेलं बघितलं. मान, कान, सगळं लाल.

"किसने बोला तुझे बोलने को?"

मी म्हटलं, "साहेब, मैं आपके लिए लड़ा."

"मेरे लिए?" त्याचा आवाज फुटला. "बीवी को बोला, बर्फ खराब. बाप को बोला, बर्फ खराब. बर्फ खराब हो तो आदमी हारता है, उसमें शरम नहीं. अब सब हँसता है, मछली के तेल से हारा. रेस मेरा था. हार भी मेरा था. मेरे पास वही बचा था. तूने वो भी सब में बाँट दिया."

माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्याने हात आडवा केला. "खलास," म्हणाला, आणि निघून गेला.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकाच कॅम्पात होतो. समोर आला की तो सलाम घ्यायचा, तब्येत विचारायचा. मात्र काम त्याने मला पुन्हा कधी सांगितलं नाही. त्याच्या बराकीचं दार बिजागरीतून निखळलं तेव्हा त्याने माझ्याकडून हातोडा मागून नेला आणि ते स्वतःच ठोकून बसवलं. मी दहा पावलांवर रंधा मारत उभा होतो.