छप्पर निघालं, दुभाषी मिळेना

गेल्या वर्षभरात आमच्या ऑफिसातले किस्से इतके साठलेत की नागपूरहून आईचा फोन आला, की ती तब्येतीच्या आधी "आज काय झालं?" हेच विचारते.

मी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या एका छोट्या घरविमा कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. युक्रेनहून आलेली बरीच कुटुंबं आमची ग्राहक झाली. आपण मराठीत इंग्लिश घुसवतो ना, तसे हे लोक युक्रेनियन आणि रशियन मिसळून बोलतात. वर स्लँग! आमची बॉस ब्रेंडा म्हणाली, "दोन्हीतलं स्लँग कळणारा दुभाषी मिळेपर्यंत ट्रान्सलेशन अ‍ॅप वापरू."

* * *

पहिल्याच आठवड्यात एक बाई फोनवर वैतागून बोलल्या. अ‍ॅपने लिहून दिलं, 'तुमचा फॉर्म भरता भरता माझं छप्पर निघून गेलं.'

बाहेर बर्फ पडत होता. ब्रेंडाने घाबरून शिडीसकट माणूस पाठवला. छप्पर जागच्या जागी. बाईंनी त्याला चहा पाजला आणि कानाशी बोट गोल फिरवून दाखवलं. तेव्हा कळलं, छप्पर जाणं म्हणजे डोकं फिरणं.

* * *

नंतर एका आजोबांनी सांगितलं, "कॉम्प्युटरच्या बाबतीत मी म्हणजे किटली." त्यांच्याकडे अगदी नवशिक्याला किटली म्हणतात. आमच्या क्लार्कने नुकसानीच्या यादीत लिहिलं: कॉम्प्युटर एक, किटली एक.

आजोबांनी प्रामाणिकपणे कळवलं, "दोन्ही ठीक आहेत. प्रॉब्लेम माझ्यात आहे."

* * *

मग दुभाषी म्हणून लेव्हसर आले. रशियनचे निवृत्त शिक्षक, अतिशय सभ्य. ब्रेंडा त्यांना घेऊन एका घराची पाहणी करायला गेली. तिथल्या युक्रेनियन आजींनी तिचा गाल धरून काहीतरी म्हटलं. लेव्हसर लाल झाले.

"त्या म्हणतायत... तुम्ही कुरूप आहात."

ब्रेंडाने दिवसभरात तीनदा आरसा पाहिला. दुसऱ्या दिवशी आजींच्या नातीचा ईमेल आला, 'आजी विचारतेय, त्या सुंदर मॅडम परत कधी येणार?' युक्रेनियनमधला 'सुंदर' रशियन कानाला जवळजवळ 'कुरूप' ऐकू येतो. लेव्हसरांनी ब्रेंडासाठी फुलं आणली, सोबत राजीनामाही.

* * *

शेवटी हलीनाबाई सापडल्या. साठीच्या, खारकीव्हच्या. तिथे ट्रॉलीबस चालवायच्या, दोन्ही भाषा रस्त्यावरच शिकलेल्या. इंटरव्ह्यूत ब्रेंडाने चाचरत विचारलं, "शिव्या समजतात?"

"कुठल्या भाषेतल्या?"

लगेच नेमल्या.

पहिलाच कॉल स्पीकरवर घेतला. पलीकडचा माणूस दहा मिनिटं नुसता ओरडत होता. हलीनाबाई शांतपणे टिपणं घेत होत्या. तो दम घ्यायला थांबला तेव्हा म्हणाल्या, "क्लेमला उशीर झालाय, असं त्यांचं म्हणणं आहे."

"दहा मिनिटांत एवढंच?" ब्रेंडाने विचारलं.

"बाकीचं व्याकरण होतं."

मग त्या फोनकडे वाकल्या आणि हळू आवाजात एक वाक्य बोलल्या.  पलीकडच्या माणसाने खालच्या आवाजात, एकेक आकडा सुटा करून, स्वतःचा पॉलिसी नंबर सांगितला.

"काय म्हणालात त्याला?"

"काही नाही," हलीनाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "त्याच्या आईचा फोन नंबर मागितला."